ट्रस्टचे ४० लाख वैद्यकीय संशोधनाला द्यायचेत: औषध, उपकरण की ॲप?

चरई_नाका
ठाण्यातल्या एका छोट्या सार्वजनिक ट्रस्टच्या वतीने विचारतोय, नाव इथे नको. रुग्णवाहिका, वह्यावाटप, मोतीबिंदू शिबिरं हे नेहमीचं चालूच आहे. यंदा विश्वस्तांनी ठरवलंय की दोन वर्षांत ४० लाख रुपये नव्या औषधाच्या किंवा उपकरणाच्या संशोधनाला द्यायचे. तीन प्रस्ताव आलेत.

पहिला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेचा. वनस्पतीच्या अर्कातून वेगळं काढलेलं एक रसायन तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी मारतं. मागणी पूर्ण ४० लाख, आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी 'मानवी चाचणी' असं लिहिलंय.

दुसरा महाप्याच्या दोघा इंजिनियरांचा. मधुमेही पायाच्या जखमेवर उणे दाब देणारा (जखमेतला स्राव खेचून घेणारा) स्वस्त पंप. चालता नमुना आहे. मागणी २८ लाख.

तिसरा खोकल्याच्या आवाजावरून क्षयरोग ओळखणारं मोबाइल ॲप. अचूकता ९६ टक्के असा दावा. मागणी १५ लाख.

यातलं काय घ्यावं, आणि पैसे देताना काय बघावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

घंटाळी_नाना
४० लाखांत कर्करोगाचं औषध? ४० लाखांत घोडबंदर रोडला पार्किंगसकट वन आरके येत नाही हो. दिवे घ्या.

मधुरा_कोपरखैरणे
नानांनी थट्टेत सांगितलं ते खरंच आहे, आकडे देते. नव्या औषधाचा खर्च किती यावर दोन अंदाज नेहमी सांगितले जातात. २०१६ चा २.६ अब्ज डॉलरचा, ज्यात निम्म्याच्या आसपास भांडवल अडकून पडल्याची किंमत धरलीय, आणि २०२० चा, मध्यक ९८.५ कोटी डॉलरचा. दोन्हींत वाटेत फसलेल्या औषधांचा खर्च मिळवलेला आहे. नफा बाजूला ठेवून काम करणाऱ्या डीएनडीआय या संस्थेने झोपेच्या आजारावरचं फेक्सिनिडॅझोल सुमारे ५.५ कोटी युरोत आणलं, तेसुद्धा जुन्या फायलीत पडलेलं रसायन पुन्हा उचलून. स्वस्तात स्वस्त म्हणतात ते हे.

आता पहिला प्रस्ताव. 'पेशी मारतं' या वाक्याला अर्थ यायचा तर पाच गोष्टी विचारा.

१. किती मात्रेला मारतं? निम्म्या पेशी मरायला ५० मायक्रोमोलर लागत असेल तर रक्तात तेवढी पातळी गाठणं बहुतेक वेळा अशक्य.

२. निरोगी पेशींवर तीच मात्रा दिली का? ब्लीचसुद्धा कर्करोगाच्या पेशी मारतं.

३. चाचणी कोणती? बहुतेक ठिकाणी एमटीटी (रंग बदलण्यावरून जिवंत पेशी मोजणारी) करतात. वनस्पतीतली पॉलिफेनॉल एमटीटीचा रंग पेशी नसतानाही बदलतात. प्रयोगाच्या ताटलीत पेशी न घातलेला खळगा तुलनेला ठेवलेला नसेल तर आकडे बाजूला ठेवा आणि वेगळ्या तत्त्वावरची दुसरी चाचणी मागा.

४. रसायन डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर खळग्यात डीएमएसओ किती टक्के होतं? ०.५ टक्क्याच्या वर गेलं की तेच पेशींना त्रास द्यायला लागतं.

५. पेशींची एसटीआर ओळखचाचणी (डीएनएवरून पेशी नेमक्या कुठल्या ते सांगणारी) आणि मायकोप्लाझ्मा या जंतूच्या संसर्गाची तपासणी कधी झाली?

हे सगळं पार पडलं तरी पुढे विद्राव्यता, यकृताच्या एन्झाइमांपुढे टिकाव, आतड्यातून शोषण, हृदयाच्या ठोक्याशी संबंधित हर्ग या पोटॅशियम वाहिनीवर परिणाम, एम्स चाचणी (रसायन जनुकांत बदल घडवतं का ते जंतूंवर बघणारी), मग जीएलपी (प्रमाणित पद्धतीच्या) प्रयोगशाळेत दोन प्रजातींत वारंवार मात्रेची विषाक्तता, जीएमपी (औषधनिर्मितीच्या दर्जाची) बॅच, स्थिरता. त्यानंतर २०१९ च्या औषध चाचणी नियमांखाली सीटी-०४ हा परवानगीचा अर्ज. पहिल्या टप्प्याच्या चाचणीची नुसती सरकारी फी ३ लाख आहे, आणि या सगळ्यात ती सर्वांत किरकोळ रक्कम.

दोन वर्षांत मानवी चाचणी लिहिणाऱ्याने ही यादी वाचलेली नाही, किंवा तुम्ही वाचली नसेल असं धरलंय.

बेलापूरचा_बोका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सर्किट_रबाळे
पंपाबद्दल लिहितो. तिघांत हाच प्रस्ताव ४० लाखांच्या आवाक्यातला आहे. अशी उपकरणं बाजारात आधीपासून आहेत, म्हणजे 'प्रेडिकेट' उपलब्ध. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सखाली प्रेडिकेट नसलेल्या उपकरणाला एमडी-२२ हा फॉर्म भरून एमडी-२३ परवानगीने रुग्णांवर चाचणी आणि पुढे एमडी-२६/२७ हा लांबचा रस्ता आहे. प्रेडिकेटशी समतुल्यता दाखवता आली तर तो बराच टळतो. वर्ग ए-बी (कमी धोक्याचा) असेल तर परवाना राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासन) एमडी-५, सी-डी (जास्त धोक्याचा) असेल तर थेट सीडीएससीओ या केंद्रीय नियामकाकडून एमडी-९. आपल्या पंपाचा वर्ग कोणता हे सीडीएससीओच्या वर्गीकरण यादीत बघून त्यांनी लेखी द्यावं. चाचणीपुरता नमुना बनवायलाही एमडी-१२ भरून एमडी-१३ लागतो. हा परवाना न घेता बनवलेल्या नमुन्यांवर अहवाल काढले तर पुढे अर्जात त्यांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो.

आता यंत्र. नेहमीचा दाब उणे १२५ मिमी पारा. जखमेत ४०० ते ६०० मायक्रॉन छिद्रांचा पॉलियुरेथेन फोम, वर चिकट फिल्म, नळी, डबा, पंप. वरवर सोपं. बिघडतं ते असं:

दाबाचा सेन्सर पंपाशेजारी बसवलेला असतो. नळीत गुठळी अडकली की पंपाकडे १२५ दिसत राहतं आणि जखमेपाशी शून्य. म्हणून नळीला दाब मोजायची वेगळी पोकळी हवी, नाहीतर अडथळ्याचा अलार्म खोटा.

डबा भरला की स्राव पंपात जातो. डबा आणि पंपाच्या मधे जलरोधी गाळणी लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती बाष्पानेच ओली होऊन बंद पडते आणि यंत्र 'डबा भरला' म्हणून ओरडतं. त्यांना विचारा: ४० अंश, ९० टक्के आर्द्रतेत यंत्र सलग किती तास चालवून बघितलं?

सर्वांत गंभीर धोका रक्तस्रावाचा. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये या प्रकारच्या यंत्रांवर सूचना काढली होती: दोन वर्षांत ६ मृत्यू आणि ७७ जखमी झाल्याचे अहवाल. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, जखमेत उघडी किंवा शिवलेली रक्तवाहिनी असलेले रुग्ण यांची चाळणी वापरपुस्तिकेत ठळक हवी. फोमचे तुकडे जखमेत राहून जातात, म्हणून किती तुकडे घातले हे फिल्मवरच लिहायला जागा ठेवतात. साधी गोष्ट, पण प्रस्तावात आहे का बघा.

सर्किट_रबाळे
विद्युत सुरक्षेचं राहिलं. नमुन्यात हमखास लॅपटॉपछाप अडॅप्टर असतो. तो आयटी उपकरणांच्या मानकाचा असतो, आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या मानकाचा नव्हे. रुग्णाच्या बाजूला दुहेरी संरक्षण हवं तर मेन्सपासून ४००० व्होल्टची कसोटी आणि सर्किट बोर्डावर ८ मिमी क्रीपेज (दोन वाहक भागांतलं पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) लागतं. बीएफ प्रकारच्या (रुग्णाला टेकणाऱ्या) भागाला रुग्णाकडे गळणारा प्रवाह नेहमीच्या स्थितीत १०० मायक्रोॲम्पियर, एका दोषाच्या स्थितीत ५००. घरी वापरायचं म्हणत असतील तर ६०६०१-१-११ सुद्धा: अर्थिंगवर विसंबता येत नाही, क्लास २ (दुहेरी विद्युतरोधनाची) रचना हवी. आणि त्याच वापरासाठी रेडिओ लहरींची कसोटी इस्पितळातल्या ३ व्होल्ट प्रति मीटरऐवजी १० ची. बोर्डाची मांडणी झाल्यावर हे कळलं की बोर्ड नव्याने काढावा लागतो, आणि चाचणीची फी पुन्हा. २८ लाखांच्या अंदाजपत्रकात 'चाचणी' हा शीर्ष एकदाच दिसत असेल तर तो दोनदा धरा. खारघरच्या समीर या सरकारी संस्थेत ईएमसी (विद्युतचुंबकीय चाचणी) होतं, खासगी लॅब टीटीसी औद्योगिक पट्ट्यात आहेत. एनएबीएलच्या (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) संकेतस्थळावर त्या लॅबच्या व्याप्तीत नेमकं हेच मानक आहे ना, ते बघून मगच पैसे भरू द्या.

घंटाळी_नाना
सर्किटराव, नाव सार्थ केलंत.

मध्यक
तिसऱ्या प्रस्तावावर. '९६ टक्के अचूकता' हा आकडा एकटा कामाचा नाही. नमुन्यात ९६ टक्के निरोगी असतील तर सगळ्यांना 'निरोगी' म्हणणारं ॲपही ९६ टक्के अचूक ठरतं. संवेदनशीलता (रुग्णांपैकी किती पकडले) आणि विशिष्टता (निरोग्यांपैकी किती बरोबर सोडले) वेगवेगळी मागा.

दोन्ही ९६ आहेत असं समजू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत फुफ्फुसाच्या क्षयाचं प्रमाण लाखात ३१६ आलं. एक लाख लोकांना ॲप लावलं तर ३१६ पैकी ३०३ सापडतील, आणि जवळजवळ ४,००० निरोगी लोकांनाही 'क्षय' दाखवेल. म्हणजे ॲपने बोट दाखवलेल्या शंभरातले सातच खरे. खोकला घेऊन दवाखान्यात आलेल्यांपुरतं वापरलं आणि त्यांच्यात ५ टक्के क्षय असला तर शंभरातले ५६ खरे. तेव्हा ॲप कुठे वापरणार हे आधी ठरवा, मगच ते चांगलं की वाईट ते कळेल. प्राथमिक चाळणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठरवलेली किमान अपेक्षा संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ७० अशी होती.

अशा ॲपांत दोन गफलती नेहमीच्या. एक, त्याच रुग्णाचे काही खोकले शिकवण्याच्या संचात आणि काही तपासणीच्या संचात. मग मशीन क्षय ओळखत नाही, माणूस ओळखतं. दोन, रुग्णांचे आवाज वॉर्डात आणि निरोग्यांचे घरी मुद्रित. मशीन पंख्याची घरघर शिकतं. विभागणी रुग्णानुसार आणि केंद्रानुसार केली का, एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

निमिष_ढोकाळी
मध्यकराव, मग तपासायला किती लोक लागतील?

मध्यक
संवेदनशीलता ९० टक्के अपेक्षित, ± ५ टक्क्यांत हवी, ९५ टक्के विश्वासाने: १.९६ × १.९६ × ०.९ × ०.१ ÷ (०.०५ × ०.०५), म्हणजे १३९ खात्रीचे क्षयरुग्ण. बाह्यरुग्णांत प्रमाण १० टक्के धरलं तर १,३९० जणांचे खोकले आणि प्रत्येकाची थुंकी तपासणी. ± ७ टक्के चालत असेल तर ७१ रुग्ण, ७१० माणसं. १५ लाखांतला मोठा भाग त्या थुंकी तपासणीवर आणि फिल्डवरच्या माणसांवर जायला हवा. त्यांच्या अंदाजपत्रकात सर्व्हर आणि पगारच असतील तर खात्रीची चाचणी ते करणारच नाहीत.

स्पष्टवक्ती_नेरुळ
मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. संशोधन सरकारने करावं. २०२५ मध्ये एक लाख कोटींचा आरडीआय (संशोधन, विकास आणि नवकल्पना) निधी मंजूर झाला, त्याआधी अनुसंधान प्रतिष्ठानला पाच वर्षांत ५०,००० कोटी, औषध आणि मेडटेकच्या पीआरआयपी योजनेला ५,००० कोटी. त्यापुढे तुमचे ४० लाख म्हणजे किती? तेवढ्यात गरिबांचं डायलिसिस होईल, उद्या सकाळी फरक दिसेल.

मधुरा_कोपरखैरणे
डायलिसिसला माझा विरोध नाही, तो ट्रस्टचा निर्णय. पण तुम्ही दिलेल्या रकमा या तिघांपैकी कुणाच्या दारात येत नाहीत. आरडीआय अनुदान देत नाही, दुसऱ्या पातळीवरच्या निधी व्यवस्थापकांमार्फत स्वस्त कर्ज किंवा भागभांडवल देतो, आणि तंत्रज्ञान सज्जतेच्या चौथ्या पातळीपासून (प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यावर) पुढे. पीआरआयपीचा मोठा हिस्सा उद्योगांसाठी, ७०० कोटी नायपर या सरकारी औषधशास्त्र संस्थांच्या केंद्रांसाठी. छोट्या चमूंसाठी खरी दारं दोन: निधी-प्रयास, नमुन्यासाठी १० लाखांपर्यंत, आणि बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं बिग अनुदान, १८ महिन्यांत ५० लाखांपर्यंत. बिगचे अर्ज वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैपासून.

पॉलिमरपंत
त्यात भर. सरकारी अनुदान हप्त्याने, टप्पा पूर्ण झाल्यावर, विनियोग प्रमाणपत्र दिल्यावर. हप्ता अडला की चमूतला एकमेव चांगला माणूस नोकरी धरतो. शिवाय नापास चाचणी पुन्हा करायला, सांख्यिकी तज्ज्ञाला, आयएसओ १३४८५ च्या (उपकरणांच्या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या) कागदपत्रांना, विम्याला पैसे मागितले की छाननीत ते शीर्ष आधी कापले जातात. लहान ट्रस्टचा पैसा नेमका तिथे लावावा. दुसऱ्या कुणाच्या अनुदानाला शेपूट म्हणून जोडलेले ५ लाख कधी कधी मूळच्या ५० लाखांना मार्गी लावतात.

स्पष्टवक्ती_नेरुळ
हे पटतंय थोडं. पण मग 'आम्ही औषध शोधायला मदत केली' असा फलक लावता येणार नाही. 'आम्ही क्रीपेज वाढवायला मदत केली' असा लावा.

बेलापूरचा_बोका
=)) फलकासाठी माझ्याकडून ५०१.

खारघर_से२२
सरकारने करावं म्हणता, तर आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र) ४ जून २०२१ ला देशातला पहिला कार-टी उपचार (रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगावर सोडणं) झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या या कामाच्या मानवी चाचणीला राष्ट्रीय बायोफार्मा मिशनमधून १९.१५ कोटी मिळाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने त्याला मंजुरी, ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण. अमेरिकेत पहिल्या कार-टीची जाहीर किंमत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर होती, इथे साधारण दहाव्या हिश्श्यात. स्वस्त व्हायचं मोठं कारण म्हणजे पेशींत जनुक नेणारा लेंटिव्हायरल वाहक इथेच बनवला. आयात वाहकावर ते गणित बसलं नसतं.

निमिष_ढोकाळी
दहावा हिस्सा म्हणजेही काही दशलक्ष रुपये. सार्वजनिक पैशातून झालेलं असेल तर किंमत आणखी खाली का नाही?

खारघर_से२२
कारण प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बॅच. त्याचंच रक्त काढायचं, टी-पेशी वेगळ्या करायच्या, जनुक घालायचं, वाढवायच्या, प्रत्येक बॅचची निर्जंतुकता, एंडोटॉक्सिन, मायकोप्लाझ्मा, वाहकाच्या प्रतींची मोजणी. एका बॅचची गुणवत्ता तपासणी एकाच रुग्णावर पडते. गोळीसारखी लाखावर वाटली जात नाही. आणि उपचारानंतर सायटोकाइन वादळाची (प्रतिकारशक्ती बेफाम होण्याची) भीती म्हणून अतिदक्षता आणि त्यावरचं टोसिलिझुमॅब हे औषध हाताशी हवं, तो खर्च वेगळा.

निमिष_ढोकाळी
तरी मुद्दा उरतोच. देणगी देताना किमतीची अट घालायला हवी. रोटाव्हॅकमध्ये घातली होती. ११६ई हा विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये १९८५-८६ च्या सुमारास मिळाला, सरकार, गेट्स फाउंडेशन आणि कंपनी यांनी मिळून खर्च केला, आणि डोस एक डॉलरला हे आधी ठरलं. २०१६ मध्ये लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली. उलट टोकाला अमेरिकेची सिस्टिक फायब्रोसिस फाउंडेशन: कंपनीत सुमारे १५ कोटी डॉलर घातले, २०१४ मध्ये रॉयल्टीचा हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकला. संशोधनाला पैसा मिळाला, पण औषधाच्या किमतीवर बोंब झालीच.

मधुरा_कोपरखैरणे
२८ लाखांवर किमतीची कडक अट घातली तर पुढचा गुंतवणूकदार पळतो. मधला मार्ग: सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांना उत्पादनखर्च अधिक ठरावीक टक्के, बाकी बाजारभाव. आणि तीन वर्षांत उत्पादन सुरू केलं नाही तर आराखडे दुसऱ्या उत्पादकाला देण्याचा हक्क. ही दुसरी अट जास्त महत्त्वाची, कारण स्वस्त उपकरणं महाग होऊन मरत नाहीत, कपाटात मरतात.

सीए_नौपाडा
तुम्ही सगळे यंत्रात रमलात, पैसे द्यायचा रस्ता कुणी बघितला?

ट्रस्टच्या घटनेत 'वैद्यकीय संशोधन' हे उद्दिष्ट आहे का? नुसतं 'वैद्यकीय मदत' असेल तर वाद होऊ शकतो. बदल हवा असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५०ए खाली धर्मादाय आयुक्तांकडे.

महाप्याचे दोघे प्रायव्हेट लिमिटेड असतील तर थेट देणगी धोक्याची. आणि त्यांचे शेअर घ्यायचा मोह कुणाला झाला तर तो मोडून काढा, ट्रस्टच्या परवानगीच्या गुंतवणुकीत ते बसत नाहीत. रस्ता असा: मान्यताप्राप्त इन्क्युबेटर (नव्या कंपन्यांना आधार देणारी संस्था) किंवा दुसऱ्या संस्थेला प्रकल्पापुरतं अनुदान, त्यांनी ते चमूवर खर्चायचं. आयआयटीचं साइन आहे, बेटिक आहे. बेटिक २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान आणि तंत्रज्ञान आयोगाच्या पैशातूनच उभं राहिलं आणि उपकरणांचंच काम करतं.

पण एका ट्रस्टने दुसऱ्या ट्रस्टला दिलेली देणगी १ एप्रिल २०२३ पासून ८५ टक्केच 'विनियोग' (करासाठी उद्दिष्टावरचा खर्च) धरली जाते. ४० लाख दिलेत तर ३४ धरले जातील. सेवाकरार करून चाचणीचं बिल थेट लॅबला भरलं तर हा प्रश्न वेगळा. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुन्या आकड्यांवर ठराव लिहू नका, तुमच्या सीएकडून मसुदा घ्या.

चरई_नाका
भरपूर माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. काही खुलासे: दोघे इंजिनियर प्रायव्हेट लिमिटेडच आहेत. फोमचा संच ते गॅमा किरणांनी निर्जंतुक करणार म्हणतात, डबा पॉलिप्रॉपिलिनचा. हे बरोबर आहे का?

पॉलिमरपंत
इथे थांबवा त्यांना. साधं पॉलिप्रॉपिलिन गॅमा सोसत नाही. २५ किलोग्रेच्या नेहमीच्या मात्रेनंतर लगेच ठीक दिसतं, पण साखळ्या तुटत राहतात आणि काही महिन्यांनी डबा ठिसूळ. उणे दाबाखाली तडकला तर तुमच्या त्या आर्द्रतेच्या अलार्मपेक्षा वाईट. किरणोत्सर्ग-स्थिर ग्रेड मिळतो, तो घ्या, किंवा डबा या संचातून वेगळा काढा. डबा जखमेला लागत नाही, तो निर्जंतुक विकायचा की नाही हे आयएसओ १४९७१ च्या जोखीम विश्लेषणात लिहून ठरवावं.

फोमला पॉलियुरेथेन म्हणून गॅमा चालतो. गॅमा निर्जंतुकीकरण देशात १९७४ मध्ये आयसोमेडने आणलं, ट्रॉम्बेला. आपला वाशीजवळचा तुर्भे नव्हे, टॅक्सीवाल्याला नीट सांगा.

सर्किट_रबाळे
पंत, मी ईटीओ (इथिलीन ऑक्साइड वायू) म्हणेन. लहान बॅच, डब्याचं प्लास्टिक बदलायला नको, भिवंडी-तळोजा पट्ट्यात कंत्राटी सोय.

पॉलिमरपंत
असहमत. फोमचं पृष्ठफळ प्रचंड, ईटीओचा अवशेष आत धरून ठेवतो आणि तो उघड्या जखमेवर बसणार. हवा खेळवायला दिवस घालवा, आयएसओ १०९९३-७ प्रमाणे अवशेष मोजा. ईटीओला पिशवीची एक बाजू टायव्हेकसारखी सच्छिद्र लागते, ती महाग. गॅमाला साधी बंद पिशवी. मात्रा सिद्ध करायला व्हीडीमॅक्स-२५ पद्धतीत नमुने ४०: तीन बॅचचे प्रत्येकी १० जंतुभारासाठी, १० निर्जंतुकतेच्या कसोटीला. सरासरी जंतुभार नगामागे १,००० च्या आत हवा. एवढ्यात काम होतं.

सर्किट_रबाळे
फोमला गॅमा मान्य. डबा वेगळा.

पॉलिमरपंत
आणि पाकिटावर दोन वर्षांची मुदत छापणार असतील तर ती आणली कुठून ते विचारा. ५५ अंशाला ठेवून वेगवान वार्धक्य करतात, २५ अंशाच्या तुलनेत आठपट धरतात, म्हणजे दोन वर्षांसाठी साधारण ९२ दिवस. त्यानंतर पिशवीच्या शिवणीची ताकद आणि गळती. हे ९२ दिवस वेळापत्रकात नसतील तर वेळापत्रक चुकीचं.

घंटाळी_नाना
रच्याकने, विश्वस्तांची बैठक कुठे असते? मामलेदारची मिसळ झाल्यावर ठेवा, कुणी उलट प्रश्न विचारणार नाही.

मध्यक
मिसळीनंतर सांख्यिकीचा विषय घेऊ नये, एवढं अनुभवाविना सांगतो.

चरई_नाका
आता कल असा दिसतोय: पंप घ्यावा, औषधाला थोडं, ॲपला सध्या नाही. करारात काय लिहावं? आणि कॉलेजच्या मॅडमना 'नाही' कसं म्हणावं, त्या विश्वस्तांच्या ओळखीच्या आहेत.

मधुरा_कोपरखैरणे
नाही म्हणू नका. ४ लाख द्या, एकाच कामाला: त्यांनी आपलं रसायन कोड नंबर घालून बाहेरच्या कंत्राटी प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे तीन प्रकारच्या कर्करोगी आणि दोन निरोगी पेशींवर, ओळखीच्या औषधाशी तुलना करून, प्रयोग तीनदा. सोबत विद्राव्यता आणि यकृत-सूक्ष्मकणांतलं टिकाऊपण. निकाल टिकला तर बायरॅकच्या अर्जात तो त्यांचं सर्वांत वजनदार पान ठरेल. नाही टिकला तर ३६ लाख वाचले. दोन्ही निकाल प्रसिद्ध करायचे हे आधीच लिहून घ्या. मात्र पेटंटचा अर्ज त्याआधी भरायला सांगा, तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. वनस्पती इथलीच असेल तर पेटंट मिळण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, बरेच जण हे शेवटी ऐकतात.

सीए_नौपाडा
करारात: प्रकल्पाचं वेगळं बँक खातं. व्याज प्रकल्पालाच. हप्ते टप्प्यांवर. ५० हजारांवरच्या खरेदीला तीन कोटेशन. यंत्रसामग्री इन्क्युबेटरच्या मालकीची, कंपनीच्या नव्हे. संस्थापकांच्या पगाराला कमाल मर्यादा. न वापरलेला पैसा ६० दिवसांत परत. विश्वस्तांच्या नातलगांशी व्यवहार नाही, हे वेगळ्या ओळीत.

सर्किट_रबाळे
टप्पे मी सुचवतो.

पहिला, ५ लाख: वर्गीकरणाचं लेखी टिपण, प्रेडिकेटशी तुलनेचा तक्ता, जोखीम फाइल, एमडी-१३ अर्जाची पोच. इथे नवं यंत्र बनवायचं नाही, कागदच. यात जो चमू कंटाळतो तो पुढे परवान्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा, ९ लाख: वैद्यकीय दर्जाचा वीजपुरवठा घालून नवा बोर्ड, दाब मोजायची वेगळी पोकळी, सहा सारखी यंत्रं. त्यातलं एक लॅबमध्ये पूर्वतपासणीला, प्रमाणपत्रासाठी नव्हे. पूर्वतपासणी स्वस्त पडते आणि बहुतेक दोष तिथेच पकडले जातात.

तिसरा, १० लाख: ६०६०१ च्या पूर्ण चाचण्या, फोमच्या १०९९३ च्या पेशीविषाक्तता, दाह आणि ॲलर्जीच्या चाचण्या, निर्जंतुकीकरणाची सिद्धता. फोमचा पुरवठादार चाचणीआधी पक्का करा. नंतर बदलला तर १०९९३ पुन्हा.

उरलेले ४ लाख ट्रस्टने स्वतःकडे ठेवावेत, नापास चाचणी पुन्हा करायला. चमूला ते आहेत हे सांगू नये.

स्पष्टवक्ती_नेरुळ
शेवटचं वाक्य इथे जाहीर धाग्यावर लिहिलंत, आणि चमू महाप्याचा आहे.

सर्किट_रबाळे
:D मग सांगा त्यांना.

खारघर_से२२
रुग्णांवर वापर केव्हा? समतुल्यता दाखवली तरी इथल्या एखाद्या शल्यविभागात छोटा अभ्यास लागेलच. त्याला नोंदणीकृत नीतिमत्ता समिती आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी. रुग्णांच्या भरपाईचा विमा वरच्या २८ लाखांत कुठेच नाही. औषधांच्या चाचण्यांच्या सूत्रात पायाभूत रक्कम ८ लाख आणि कमाल ७३.६० लाख आहे, म्हणजे एक वाईट प्रसंग आणि ट्रस्टचं नाव कोर्टात. 'प्रायोजक' म्हणून करारात कोण सही करणार हे ठरवा. ट्रस्टने करू नये.

चरई_नाका
हे कुणाच्याच लक्षात नव्हतं. प्रायोजक कंपनी आणि विमा आमच्या राखीव ४ लाखांतून असं चालेल?

खारघर_से२२
चालेल. पॉलिसीची मुदत अभ्यास संपल्यावरही पुढे चालू राहील अशी घ्या, रक्तस्राव किंवा राहिलेला फोम उशिरा लक्षात येतो. आणि नीतिमत्ता समितीच्या बैठकीची तारीख आधी विचारून घ्या. काही समित्या दोन महिन्यांतून एकदा बसतात.

मध्यक
त्या अभ्यासाची नमुनासंख्या काढून देईन, मानधन नको. मुख्य निष्कर्ष काय मोजणार ते आधी त्यांना ठरवू द्या: जखम पूर्ण भरणं, की चार आठवड्यांत क्षेत्रफळ किती घटलं. पहिल्याला माणसं बरीच जास्त लागतात.